मालक घरी न्हाईत

आमच्या घरात कायदा पहिल्यांदा शिरला तो अर्धा किलो चटणी घ्यायला.

चटणी म्हणजे आमच्याकडची. शहरातले पाहुणे चटणी म्हटलं की इडलीशेजारची वाटी शोधतात. आमच्या बारामतीकडं चटणी म्हणजे लाल मिरची, खोबरं, कांदा, लसूण, धने, तीळ आणि बाकीचं बरंच काही भाजून, डंकावर कांडून ठेवलेला वर्षाचा मसाला. आमची मंगल, म्हणजे माझी बायको, ती करते. आधी घरापुरती करायची, मग भावकीपुरती. पुढं कन्हेरीपासून भिगवणपर्यंतची माणसं डबे घेऊन दारात उभी राहायला लागली, तेव्हा हा धंदा झालाय हे सगळ्यांच्या लक्षात आलं. माझ्या जरा उशिरा आलं. माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे आणि मी दिवसभर तिथं काम करत असतो, असं मी सांगतो.

तर एका दुपारी, मी दुकानात असताना, काळा कोट हातावर टाकलेल्या एक साठीच्या बाई स्कूटरवरून आल्या. चटणीची चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "या धंद्याचा मालक कोण?"

मंगल म्हणाली, "मालक घरी न्हाईत. दुकानात गेल्यात. सांजच्याला येतील."

आता आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात. 'आमचं मालक' म्हणजे आमचे हे. मालक कोण म्हणून विचारल्यावर गावातली कुठलीही बाई जे उत्तर देईल तेच मंगलनं दिलं. बाई ओसरीवर बसल्या. चहा झाला, पुन्हा चहा झाला, कोटाच्या खिशातले भाजके शेंगदाणे संपले. सांजेला मी आलो.

"मालक तुम्हीच का?"

"व्हय," मी म्हणालो. एवढं थांबून कुणी विचारतंय म्हटल्यावर छाती जरा पुढं आली.

"मिरची कुठली वापरता?"

"लाल."

"ती लालच असणार. संकेश्वरी का ब्याडगी?"

मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "तिखट."

"खोबरं भाजून घेता का तळून?"

मी आत तोंड करून हाक मारली, "मंगल, अगं, खोबऱ्याचं आपण काय करतो?"

बाई उठून स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. "अगं, मग तू मला अख्खी दुपार कुणासाठी बसवून ठेवलंस?"

"आता घ्या! तुमीच म्हणला की मालक पायजेत," मंगल म्हणाली.

यावर बाई जे हसल्या, ते हसत हसत पुन्हा ओसरीवर येऊन बसल्या, आणि पुढची कितीतरी वर्षं उठल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल.

त्या बारामतीच्या कोर्टात वकिली करायच्या. घर इंदापूरला. सगळे त्यांना वकीलबाई म्हणत आणि त्यांना तेच आवडे, म्हणून मीही नाव सांगत नाही. इंदापूर-बारामती रोज स्कूटरवर. त्या स्कूटरचा उजवा इंडिकेटर घरातून निघताना जो लागायचा, तो पोचेपर्यंत चालू. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कुठं वळायचं ते माझं मी ठरवीन. मागच्या माणसानं तयारीत असावं."

कोर्टात त्यांची कामं बरी चालत असणार. पण त्यांचा जीव होता तो धंदा करणाऱ्या बायकांत. शेवया, पापड, गोधड्या, लोणची, डाळिंबाचं सरबत असलं काही करणारी बाई दिसली की वकीलबाई तिचं नाव विसरत आणि मालच लक्षात ठेवत. भर बाजारात हाक मारायच्या, "ए शेवया! तुझ्या दुकानभाड्याचा करार केलास का?" आणि गर्दीतनं कुठनं तरी आवाज यायचा, "करते की वं बाई, सुगी होऊ द्या!" आमची मंगल अर्थातच 'चटणी' होती.

त्यांचं म्हणणं एकच होतं. कायदा म्हणजे परक्या घरातला स्वयंपाक. मीठ, साखर, पीठ, सगळं असतं, फक्त डबे कुठं आहेत ते ठाऊक नसतं. आणि डब्यांवर 'सदरहू' आणि 'उपरोक्त' लिहून ठेवल्यामुळं बाई फडताळ उघडायलाच भिते. हे दोन शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारले तर त्या त्याला उठून उभं करायच्या. मला दोनदा केलंय. एकदा जेवताना.

आता या सगळ्यात माझा नंबर कसा लागला ते सांगायला पाहिजे, कारण आयुष्यात मला मिळालेलं ते एकमेव पद.

वकीलबाईंची पद्धत अशी, की त्या बाईला कायदा एकदा समजावून सांगायच्या, आणि मग त्या बाईनं तो दुसऱ्याला समजावून सांगायचा. दुसऱ्याला कळला तर तिला आला. दुसरा मात्र असा पाहिजे, की ज्याला सहजासहजी काही कळत नाही. माझं खोबऱ्याचं उत्तर त्यांच्या मनात घर करून राहिलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्या दोन बायका घेऊन आल्या आणि मंगलला म्हणाल्या, "तुझ्या घरी एक रत्न आहे. जरा बाहेर काढ."

मला खुर्ची देऊन ओसरीच्या मधोमध बसवलं. त्यांनी मला 'न्यायमूर्ती' म्हणायला सुरुवात केली, ती तेव्हापासून. बाई बोलायची, मी ऐकायचो, आणि शेवटी वकीलबाई विचारायच्या, "न्यायमूर्ती, कळलं का?" मी मान हलवली की ती बाई पास. मला नाही कळलं, तर तिला पुन्हा पहिल्यापासून. इंदापूर तालुक्यातल्या अनोळखी बाया माझ्या दुकानात यायच्या आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणायच्या, "भाऊजी, तुमास्नी कळलं तर समद्यास्नी कळतंय म्हणं. जीएस्टी सांगू का?" मी बी.ए. आहे, हे सांगायची सोय राहिली नव्हती.

पण खरं सांगू? मजा यायची. मी पाइपाचं गिऱ्हाईक सोडून लवकर घरी यायला लागलो.

ती पहिली जोडी भिगवणची होती. दोघी सख्ख्या जावा. उजनीच्या पाण्यातल्या माशांचं लोणचं घालायच्या आणि हायवेवरच्या हॉटेलांना द्यायच्या. थोरली भारी बोलकी, धाकटी नुसती मान डोलावणारी. भागीदारीचा कायदा सांगायचा होता. थोरलीनं घसा साफ केला.

"भाऊजी, भागी म्हंजी एका ताटात जेवणं. दोघींचा घास दोघींचा. पर एकीनं आमटी सांडली, तर हात दोघींचं भरत्यात. म्या सांडली न्हाय, असं दुसरीला म्हनता येत न्हाय. ज्याची उधारी हाय तो दोघींच्या बी दारात येतोय."

"न्यायमूर्ती, कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो. "पण उद्या दोघींचं फाटलं, तर ताट कुणाचं?"

दोघी जावा एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, माझं पुन्हा काही तरी चुकलं. धाकटी, जिनं आल्यापासून तोंड उघडलं नव्हतं, ती हळूच म्हणाली, "आक्का, ताट तर माझ्या म्हायेरचं हाय." भांडी, शेगडी, बरण्या, सगळं तिच्या आईनं दिलेलं होतं.

वकीलबाईंनी दोन्ही हात वर केले. "बघा! बघा! बारामतीच्या कोर्टात इतकी वर्षं घालवली, असा प्रश्न ऐकला नाही. लिहा गं, आधी हेच लिहा. कुणी काय आणलंय ते." आणि आनंदाच्या भरात त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की कवळी असती तर पडली असती. त्या जावांचं लोणचं अजून चालू आहे, आणि दोघी अजून बोलतात. आमच्या भागात दोन्ही गोष्टी एकत्र टिकणं सोपं नाही.

दुसरी एक सोमेश्वरनगरची. कारखान्याच्या रस्त्यावर मसाल्याची पाकिटं विकायची. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'अस्सल कोल्हापुरी'. वकीलबाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. "तुझं सासर सोमेश्वरनगर. माहेर?"

"कन्हेरी."

"मग मधी कोल्हापूर कुठनं आलं?"

"बाई, त्यानं खपतंय."

"लेबल म्हणजे आपण गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. तुझं घर सोमेश्वरला असताना तू त्याला कोल्हापूरचा पत्ता देतेस. तो उद्या भांडायला गेला, तर तिथं त्याला कोण भेटणार?"

ती बाई वरमली. मी मात्र न्यायमूर्तीच्या खुर्चीवरून विचारलं, "मग बाई, म्हैसूरपाकाचं काय?"

वकीलबाईंनी पाकीट तिच्या हातात परत दिलं. मग म्हणाल्या, "कोर्टाची वेळ संपली."

लोकांचे कागद ताबडतोब करून देणाऱ्या या बाईंचे स्वतःचे कागद मात्र देवाला ठाऊक कुठं असायचे. एकदा मी त्यांच्या मागं स्कूटरवर बसून भिगवणला निघालो होतो. इंडिकेटर लुकलुकत होता. एका पोलिसानं थांबवलं आणि गाडीचे कागद मागितले. डिकीतून शेंगदाणे, टाचण्या आणि एक फाटकी पावती निघाली.

"गाडी कुणाच्या नावावर हाय, बाई?"

वकीलबाई म्हणाल्या, "मालकांच्या."

"मालक कुठं हायत?"

"न्हाईत," त्या म्हणाल्या.

पोलीस जुना माणूस होता. त्यानं पावती परत दिली आणि नाव बदलून घ्या एवढं सांगून सोडलं. मग वाऱ्यात त्या मागं वळून ओरडल्या (मला भीती वाटली ती वळण्याची), "कसं करायचं ते मला पाठ आहे, न्यायमूर्ती! हात जात नाही, एवढंच!" मी जन्मात पहिल्यांदा काहीही न विचारता मान हलवली.

मंगलच्या धंद्याचं मात्र वेगळंच घडलं. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानानं ठरवलं, की एक बाजू फक्त बायकांच्या धंद्यातल्या मालासाठी ठेवायची. माल बाईनं करायचा आणि धंदा बाईचाच असायचा. वकीलबाईंना बातमी लागली आणि त्यांनी मंगलला चटणीची पाकिटं आणि फूड लायसन पाठवायला लावलं. त्यांनी स्वतः लायसन बघितलं नव्हतं. मंगलनं आधीच कधीतरी सेवा केंद्रात जाऊन काढलेलं होतं, म्हटल्यावर ते नीटच असणार.

उत्तर आलं. चटणी फारच आवडली. पण धंदा तुमच्या मिस्टरांचा आहे, त्यामुळं नियमात बसत नाही.

मंगल ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग कपाटातलं लायसन काढून आणलं. सेवा केंद्रातल्या माणसानं विचारलं होतं, "मालकाचं नाव?" मंगलनं ते पाटीवर लिहून दाखवल्यासारखं कागदावर लिहून दिलं होतं. माझं. संपूर्ण.

म्हणजे कायद्यानं चटणी माझी होती. पाकिटावरही मीच होतो. खोटं कशाला बोला, मला ते छापलेलं नाव आवडायचं. लग्नाकार्यात लोक 'चटणीवाले आले' म्हणायचे आणि मी नाही म्हणायचो नाही. पण त्या दिवशी मंगल जे बोलली त्यानं माझा तोरा उतरला. ती काही चिडली नाही. म्हणाली, "ठसक्यानं खोकून खोकून माझा जीव गेला, आन् चटणी माझी न्हायच व्हय?"

वकीलबाई आल्या. मला वाटलं आता भाषण होणार. त्या म्हणाल्या, "खाडाखोड करून नाव बदलता येत नाही. जुनं बंद, नवीन अर्ज. अन्न खात्याचे साहेब बघायला येतील, विचारतील, आणि तू सांगायचंस. मी तिथं तोंड उघडणार नाही."

"तुमी वकील की!"

"मी बोलले तर धंदा माझा वाटेल. दुकानवाले महिनाभर थांबायला तयार आहेत. तेवढ्यात तुला एकच शब्द शिकायचाय. मालक कोण?"

"मालक दु..." मंगलनं जीभ चावली.

तिथून आमच्या घरात धमाल उडाली. वकीलबाई वाटेल तेव्हा, वाटेल तिथं विचारायच्या. भाजी बाजारात मेथीच्या जुडीआडून: "मालक कोण?" हळदीकुंकवाला कुंकू लावता लावता: "मालक कोण?" भल्या सकाळी फोन: "चटणी, मालक कोण?" मंगल दचकून म्हणायची, "अंघोळीला गेल्यात!" आणि पलीकडून फोन आपटल्याचा आवाज. भिगवणच्या जावांनाही फितवलं होतं. त्या माशाचं लोणचं द्यायला आल्या की दारातूनच ओरडायच्या, "मालक कोण वं?" आणि मंगल पोळपाटाशी बसून तोंडातल्या तोंडात घोकायची, "मी, मी, मी." शेजाऱ्यांना वाटलं, घरात शेळी आणली.

त्यात वकीलबाईंनी हुकूम काढला, की घरात मला मालक म्हणायचंच नाही. आता म्हणायचं काय? आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत; घेतलंच तर लग्नात, उखाण्यात गुंडाळून. मालक बंद झाल्यावर मी बिननावाचा झालो. मला फोन आला की मंगल सांगायची, "ते... आवं ते... थांबा, बोलावते कुणाला तरी." मला जेवायला बोलवायचं असलं की ताट वाजवायची. मी आपला जायचो.

साहेब आले तो दिवस मला लख्ख आठवतो. तरुण होते, लांबच्या जिल्ह्यातले असावेत, अगदी नम्र. मंगल नवी साडी नेसली होती, आणि डोक्याला, साहेबांच्या नियमाप्रमाणं, प्लास्टिकची टोपी. भिंती पुसलेल्या, डबे चकचकीत, मिरचीचा ठसका दाबण्यासाठी मीच सकाळपासून तोंडाला फडकं बांधून फिरत होतो. वकीलबाई ओसरीवर मटार सोलत बसल्या होत्या. आमच्याकडं मटार नव्हते. त्यांनी येताना आणले होते. भिगवणच्या जावा दाराआड. पुण्याच्या दुकानाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

साहेबांनी पाणी बघितलं, डंक बघितला, चाळणी बघितली. मग कागद काढला, पेन उघडलं आणि सहज विचारलं, "मालक कोण?"

मंगलनं माझ्याकडं बघितलं.

इतक्या वर्षांची सवय होती ती. मान आपोआप वळली. साहेबांचीही वळली. त्यांचं पेन माझ्या दिशेनं निघालं. ओसरीवर मटाराची शेंग हातात तशीच राहिली. वकीलबाई ओठ घट्ट मिटून माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या कपाळावरची शीर मला इथून दिसत होती. मला आता काही तरी करायला पाहिजे हे कळत होतं, आणि नेहमीप्रमाणं काय ते कळत नव्हतं. म्हणून मी एकच केलं. मंगलच्या मागं जाऊन उभा राहिलो. तिला माझ्याकडं बघायचं तर पूर्ण पाठ फिरवावी लागली असती.

मंगलनं पुढं बघितलं.

"मी," ती म्हणाली. आणि मग, जणू दार एकदा उघडलंच आहे म्हणून, "मालक मी हाय, साहेब. चटणी माझी हाय. संकेश्वरी निम्मी, ब्याडगी निम्मी. खोबरं भाजून. तेल जेवढ्यास तेवढं. डंक माझा, धंदा माझा. काय इचारायचं ते मला इचारा."

दाराआड धाकटी जाऊ रडायला लागली आणि थोरलीनं तिच्या तोंडावर हात दाबला. साहेबांनी शांतपणे लिहून घेतलं. त्यांच्या दृष्टीनं काहीच घडलं नव्हतं.

"आणि हे?" त्यांनी माझ्या फडक्याकडं पेन रोखलं.

"हे व्हय? हे असत्यात हाताखाली. पाकिटं चिकटवत्यात."

ओसरीवरून मटाराची परात खाली आली. वकीलबाई पदर तोंडात कोंबून गदगदा हलत होत्या, पण दिलेल्या शब्दाला जागून आवाज काढत नव्हत्या.

"मालाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची नोंद लागते," साहेब म्हणाले. "यांचं नाव सांगा."

मी बोलायला फडकं खाली केलं. मंगलनं हात आडवा धरून मला थांबवलं. मालकाला विचारलं होतं. मग तिनं माझं नाव घेतलं. सरळ, उखाण्याशिवाय, वडिलांच्या नावासकट, एखाद्या मिरचीची जात सांगावी तसं. लग्नानंतर तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला वाटलं, किती बरं नाव आहे हे.

साहेबांनी लिहिलं, आणि पेन जरा उचललं.

"आडनाव?"

"माझंच लावा," मंगल म्हणाली.